प्राथमिक स्वच्छता आणि विषाणूंच्या साथी

रोगांची साथ म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे औषध, इंजेक्शन आणि रुग्णालय ही तीन चित्रे उभी राहतात. परंतु साथींच्या इतिहासात या तिन्हींपेक्षा जुने आणि अधिक व्यापक असे एक साधन आहे. मानवी मलमूत्र पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवणे, हे ते साधन होय. सर्वच विषाणू या मार्गाने पसरतात असे नाही. इन्फ्लुएन्झाचा किंवा कोविडचा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो. तेथे हात धुण्याचा काही प्रमाणात उपयोग होत असला तरी गटारे बांधून ती साथ थांबत नाही. म्हणून स्वच्छतेचे सामर्थ्य कोठे आहे आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण दिल्लीचे आहे. 1955 च्या शरद ऋतूत यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्यातील सांडपाणी वजीराबाद येथे, जेथून शहरासाठी पाणी उचलले जात असे, तेथपर्यंत पोहोचले. पाणीपुरवठा विभागाच्या कर्मचाऱ्यांनी धोका ओळखून तुरटी व क्लोरिन यांचे प्रमाण वाढविले. या उपायाने टायफॉइड आणि हगवण यांची साथ उद्भवली नाही. सर्वांना हायसे वाटले असेल. परंतु काही आठवड्यांनी, डिसेंबरमध्ये, शहरात काविळीचे रुग्ण झपाट्याने वाढू लागले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली.

असे का घडले? गढूळ पाण्यातील कणांना चिकटून राहिलेल्या विषाणूंपर्यंत क्लोरिन पुरेसे पोहोचत नाही. शिवाय जी मात्रा जिवाणूंना मारण्यास पुरते, ती काही विषाणूंना अपुरी पडते. पाणी जिवाणूंच्या कसोटीस उतरले, तरी ते विषाणूंपासून मुक्त होते असे म्हणता येत नाही. हा धडा पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. रसायन हे दुसरे संरक्षण होय. पहिले संरक्षण म्हणजे सांडपाणी पाण्यात येऊच न देणे.

ही कावीळ कोणत्या विषाणूची, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा यात महत्त्वाचा वाटा आहे. 1952 मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, त्यांत डॉ. खुर्शीद पावरी याही होत्या, दिल्लीच्या साथीतील आणि अहमदाबादच्या 1975-76 च्या साथीतील जतन केलेले रक्तनमुने परदेशी सहकाऱ्यांसह तपासले. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून असे दिसून आले की, या साथी हिपॅटायटिस ए किंवा बी यांच्या नव्हत्या. पुढे या नव्या विषाणूची ओळख पटली आणि त्यास हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले. बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात. मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा रोग झाल्यास 20 ते 25 टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. गळकी जलवाहिनी हा केवळ अभियंत्याचा प्रश्न नाही, हे या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

जलवाहिनी गळते तेव्हा पाणी नुसते बाहेर जात नाही. दिवसातून थोडाच वेळ पाणी सोडणाऱ्या नगरांत, पुरवठा बंद झाला की नळातील दाब उतरतो आणि भोवतालचा गटाराचा ओलावा फटीतून आत ओढला जातो. पुन्हा पाणी सुटले की तो थेट घराघरांतील हंड्यांत पोहोचतो. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही निर्मळ केले, तरी वाटेत ते असे बिघडते. पंचगंगेच्या काठावरील इचलकरंजी या वस्त्रनगरीत 2012 च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली, तेव्हा नदीचे प्रदूषण आणि पाणीपुरवठा हे दोन्ही प्रश्न एकत्रच पुढे आले.

पोलिओचे उदाहरण याहून वेगळे आहे. हा विषाणूही मलावाटे बाहेर पडून तोंडावाटे शरीरात शिरतो. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. हा विजय मुख्यतः लसीचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अस्वच्छ वस्त्यांतील मुलांच्या आतड्यांत इतर विषाणूंची गर्दी असल्याने तोंडाने द्यावयाची लस तेथे कमी परिणामकारक ठरे आणि पुनःपुन्हा मात्रा द्याव्या लागत. स्वच्छता ही लसीची जागा घेत नाही. ती लसीचे काम सोपे करते. मुंबईत 2001 पासून सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा माग काढला गेला. ज्या गटाराने रोग पसरतो, तेच गटार रोगाची पूर्वसूचनाही देऊ शकते.

विषाणूंचा तिसरा मार्ग डासांचा. छत्तीसगडमधील भिलाई येथे 2018 च्या पावसाळ्यात डेंग्यूची गंभीर साथ आली. भिलाईलगतच्या हथखोजसारख्या औद्योगिक भागांत, किंबहुना कारखाने आणि वस्ती जेथे शेजारी नांदतात अशा कोणत्याही ठिकाणी, टाकलेले डबे, टायर आणि उघडी पिंपे यांत पावसाचे पाणी साचते. एडिस डासाला एवढे पाणी पुरते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला भांडे रिकामे करून, आतून घासून, कोरडे ठेवावे. घासणे आवश्यक आहे, कारण भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही अनेक महिने टिकतात.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. शौचालय, बंदिस्त गटार, भक्कम जलवाहिनी आणि झाकलेले पिंप या गोष्टी दिसावयास साध्या आहेत. साथ आली असता पाणी उकळून पिणे हा घरातील प्रत्येकाला करता येण्याजोगा उपाय आहे. परंतु सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यात अंतर राखणे एकट्या घराच्या हाती नाही. ते नगराचे कर्तव्य आहे. उपलब्ध साधनांनी घर आपला वाटा उचलू शकते, मात्र नगराने आपला वाटा टाळला, तर त्याची किंमत प्रथम गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना चुकवावी लागते.