नाव नंतर, आधी नजर

दिल्ली विद्यापीठात अवसादी खडक शिकवायला निघालीस, तर चार गोष्टी ऐकून जा. आपण बेसाल्टच्या मुलुखातली माणसं. थर दिसला की आपल्याला लाव्हाच आठवतो. ती सवय तिकडे मोडावी लागेल.

पहिला तास वर्गात घेऊ नकोस. विद्यापीठाला लागूनच रिज आहे, अरवलीचं उत्तरेकडचं टोक. तिथला क्वार्टझाइट म्हणजे मुळात वाळूच. उष्णतेने आणि दाबाने कण एकमेकांत असे रुतलेत की चाळणीचं तिथे काम नाही. तरंगचिन्हं मात्र शाबूत सापडतात. मुलांना सकाळी लवकर ने. ऊन तिरपं असलं की प्रत्येक वळीची सावली पडते; भर दुपारी तोच खडक सपाट वाटतो. हातोडा घरी ठेव, ते राखीव जंगल आहे.

अर्धा तास कुणी खडकाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं चित्र काढायचं. मग विचार, वळीच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का? असतील तर ते लाटांचं काम. एक बाजू जास्त उभी असेल तर प्रवाहाचं, आणि प्रवाह त्या उभ्या बाजूकडे जात होता.

पावसाळा ओसरला की यमुनेकाठी जा. २०२३च्या जुलैत जुन्या रेल्वेपुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर गेलं, १९७८चा विक्रम मोडला. असा पूर थर ठेवून जातो. गुडघाभर चर खणा, खुरप्याने त्याची भिंत तासा. वाळू कुठे संपते आणि बारीक गाळ कुठे सुरू होतो, ते मुलांनाच शोधू दे. सिल्ट दाताखाली करकरतं, चिकणमाती करकरत नाही, ही जुनी परीक्षा खरी. पण दिल्लीतल्या यमुनेचा गाळ तोंडात घालायचा नाही, बोटांवर चोळायचा!

नमुना सुटा करण्याआधी वरची बाजू बाणाने दाखव. नाव पिशवीवर लिही, तसंच दगडावरही. पिशव्यांची अदलाबदल होते. चाळणीत अडकलेला कण बोटाने दाबू नकोस, जाळी ताणली जाते. सगळ्या चाळण्यांवरच्या वाळूची बेरीज मूळ वजनाशी जुळेना, तर आलेख काढायचाच नाही.

पेपरची घाई होईल. मशीनमधून आकडे भराभर येतात, पण नमुना कुठल्या थरातला हे फिल्डबुकात नसेल तर ते आकडे कुचकामी. फिल्डबुक पेन्सिलीने लिही, शाई पावसात फुटते. उन्हात उभं राहून थर मोजणाऱ्या मुलाचं नाव पेपरवर आलंच पाहिजे.

आणि परीक्षेत व्याख्या विचारू नकोस. एका उघड्या कड्याचा फोटो दे आणि विचार : पाणी कुठून कुठे वाहत होतं, आणि कशावरून?