काळ्या मातीत चालणारे पेडल

प्रश्न : मुरुडच्या आसपास शेतरस्त्यांनी माउंटन बाईक चालवतो. साधे पेडल काढून क्लिपलेस बसवायचे आहेत. कोणते घ्यावेत?
– एक वाचक, मुरुड (जि. लातूर)

उत्तर : आधी माती पाहा, मग पेडल. आपली काळी माती पावसात बुटाच्या तळाला अशी लिंपून बसते की क्लीट (तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी) दिसेनाशी होते आणि पेडल तिला पकडतच नाही. चिखलासाठी क्रँकब्रदर्सचे एगबीटर उत्तम. मोकळा सांगाडा, चारही बाजूंनी बूट अडकतो. पण त्याची पितळी क्लीट लवकर झिजते, पकडही कमी-जास्त करता येत नाही.

पहिलीच जोडी असेल तर मी शिमानोचे एम५२० सुचवेन. दोन्ही बाजूंनी चालते, ३ मिमीच्या ॲलन कीने पकड सैल होते. सुरुवातीला ती अगदी सैलच ठेवा. क्लीट मात्र एसएच५६ लावा. एसएच५१ टाच बाजूला वळवली तरच सुटते. एसएच५६ घाबरून पाय वर ओढला तरी सुटते. वळणावर अचानक उसाची ट्रॉली समोर आली, की हा फरक कळतो.

बूट दोन बोल्टच्या क्लीटचे, खाचदार तळाचे घ्या. चिखलात सायकल ढकलावी लागतेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावू नका. आट्यांना ग्रीस लावा. रस्त्यावर जाण्याआधी भिंतीला टेकून दोन्ही पाय पन्नासदा अडकवा, सोडवा. आणि खिशात एक काडी ठेवा, क्लीटमधली माती उकरायला.