चेनजियागोऊला निघालीस, तर ऐक

पोरी, ताईची शिकायला तू चेनजियागोऊला निघालीस, याचा मला मनापासून आनंद आहे. हेनान प्रांतातल्या वेन तालुक्यातलं हे गाव. सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांनी इथे या विद्येचा पाया घातला असं मानतात, आणि आजही गावातली घरंच्या घरं तीच शिकवून जगतात. त्यामुळे शिकवणारे ढीगभर. पहिला प्रश्न येईल तो मास्तर निवडण्याचा.

मास्तर स्वतः किती उंच लाथ मारतात ते बघू नकोस. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं टिकलेले शिष्य बघ. त्यांचे गुडघे धड आहेत का? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? पन्नाशीतली माणसं अजून सकाळी सरावाला येतात का? भिंतीवरची पदकं त्यानंतर. मग एक अख्खा वर्ग कोपऱ्यात बसून बघ. मास्तर विद्यार्थ्याला हात लावून दुरुस्त करतात, की लांबून हातवारे करून पुढे जातात? हालचालींचा क्रम आता फोनवरही मिळतो. अंग दुरुस्त करणारा हात फोनवर मिळत नाही, आणि एवढा प्रवास तू त्यासाठीच करते आहेस.

या दुरुस्तीला तिथे 'न्येजिया' म्हणतात. तू गुडघे वाकवून उभी असतेस. मास्तर मागून येतात, दोन बोटं कमरेच्या मणक्यावर ठेवतात, जांघेची घडी आत दाबतात, बुटाच्या टोकाने गुडघा बोटभर बाहेर सरकवतात. एवढ्याने सगळा भार मांड्यांवर येतो आणि खांदे आपोआप उतरतात. त्यापुढचा क्षण महत्त्वाचा. मास्तर दुसऱ्याकडे वळले की अंग हळूच वर सरकून जुन्या सोयीच्या जागी जातं. ते होऊ द्यायचं नाही. त्यांनी आणखी दोघा-तिघांना दुरुस्त करेपर्यंत तिथेच थांब. कुठे हात लागला ते रात्री वहीत लिही, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच एक धरून सराव कर. हो, कुठल्या स्पर्शाने अवघडलीस तर तिथल्या तिथे सांग. चांगला शिक्षक राग मानत नाही. मानला, तर बॅग उचल आणि दुसरं दार बघ.

सुरुवातीला तुला नुसतं उभं करतील. जान-जुआंग. पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे जरासे सैल, हात छातीसमोर झाडाला मिठी मारल्यासारखे. बाहेरून आलेले बहुतेक इथेच कंटाळतात आणि तलवार कधी शिकवणार म्हणून विचारू लागतात. तू विचारू नकोस. याच गावचे चेन चांगशिंग (1771–1853) इतके सरळ उभे राहत की लोक त्यांना पूर्वजांच्या नावाची पाटीच म्हणत, आणि बाहेरगावच्या यांग लुचानला शिकवणारे तेच. पुढे याच यांगने ही विद्या बीजिंगला नेली. मांड्या थरथरतील, थरथरू देत. दात आवळले गेले की मात्र तेवढ्यापुरती थांब, श्वास सोड, पुन्हा उभी राहा.

गुडघ्यांचं नीट ऐक. मांडीतली आग चालते, सांध्यातली कळ चालत नाही. गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेने हवा, आत पडता कामा नये. पाऊल वळवायचं असेल तर आधी त्यावरचा भार काढ, मग वळव. भार ठेवून पाऊल पिळलं की गुडघा गेला. शेजारची मुलं जमिनीला टेकतील इतकी खाली बसतील. त्यांची बरोबरी करू नकोस, तू मध्यम उंचीवरच राहा. लाओजिया यीलू या मूळ मालिकेत सुरुवातीलाच पाय आपटायचा असतो. तो मातीवर आपट, सिमेंटवर नाही. शाओलिनच्या सहस्रबुद्ध मंदिरात भिक्षूंच्या सरावाने जमिनीला 48 खळगे पडलेत, ते बघून आलेली पोरं हॉस्टेलच्या फरशीवर टाच हाणतात. पाय हाणायचा नसतो, वरून सैल सोडायचा असतो.

आता छीगोंग, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींचा व्यायाम. बादुआनजिनच्या आठ हालचालींनी सुरुवात कर. साध्या आहेत आणि आयुष्यभर पुरतात. श्वास रोखू नकोस, मुद्दाम लांबवूही नकोस. हालचाल संथ झाली की तो आपला आपण संथ होतो. तळहात गरम होतील, मुंग्या येतील. ते छान वाटतं, पण त्याच्या मागे लागू नकोस. डोकं जड झालं, छातीत धडधडलं, झोप उडाली, तर थांब आणि मास्तरांना सांग. घामाच्या अंगाने वाऱ्यात उभी राहू नकोस, पाणी कोमट पी. तिथले सगळे हेच सांगतात.

कुणी म्हणेल, हे पाच हजार वर्षांचं गुपित आहे, याने कर्करोग बरा होतो. व्यायाम जुना आहे हे खरं. चांगशाजवळ मावांगदुईला 1973 साली उघडलेल्या थडग्यात रेशमावर अशा व्यायामाच्या 44 आकृत्या सापडल्या, आणि ते थडगं इ.स.पू. 168 चं. पण छीगोंग हे नाव सर्रास रुळलं ते 1950 च्या दशकात. जे खरोखर जुनं आहे ते गावच्या अंगणात उघडपणे शिकवतात. त्याला गुपित म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरव. आणि तुझी थायरॉइडची गोळी एक दिवसही चुकवू नकोस, मग कितीही मोठ्या मास्तरांनी सांगितलं तरी.

वागण्याचं थोडक्यात. नमस्कार करताना उजवी मूठ, त्यावर डावा तळहात. काहीही दोन्ही हातांनी द्यायचं आणि घ्यायचं. सुरुवातीला मास्तरांना 'लाओशी', म्हणजे शिक्षक, म्हण. 'शिफू' म्हणायचं ते नातं जुळल्यावर. फी आधी ठरव, त्यात संकोच नको. जेवणात मांस नको असेल तर 'वो छी सू' हे तीन शब्द पाठ करून जा. मेतकूट मी देतेच आहे.

कदाचित तुला शिष्य करून घेण्याची गोष्ट निघेल. त्याला 'बाइशी' म्हणतात. गुडघे टेकून चहा द्यायचा, लिहिलेली पत्रिका द्यायची, आणि मग तू त्या घराण्याची. मानाची गोष्ट आहे, पण पहिल्याच मुक्कामात हो म्हणू नकोस. ते नातं दोन्ही बाजूंनी आयुष्यभर निभवायचं असतं. त्यांच्या आजारपणात तुला जावं लागेल, त्यांच्या नावाला बट्टा लागेल असं काही करता येणार नाही. परत ये, इथे वर्षभर एकटीने सराव कर. तरीही त्यांच्याकडेच जावंसं वाटलं, तर तिकिटाचे पैसे माझ्याकडून घे.