बोअरच्या पाण्यावरचा तवंग: तेल आहे का, आणि कुठलं?

लोहारा तालुक्यातल्या एखाद्या बोअरच्या पाण्यावर रंगीत तवंग आला, तर खाली तेलसाठा लागला का, हा प्रश्न मागाहून. आधी ते पाणी पिणं थांबवा, जनावरांनाही पाजू नका. काडी ओढून पेटतं का हे बघणं तर कटाक्षाने टाळा.

मग पाणी बादलीत घेऊन स्थिर होऊ द्या आणि काडीने तवंग मोडा. त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते सुटेच राहिले, तर बहुधा ती लोहजिवाणूंची साय आहे. सोबत तांबूस गाळही दिसेल. काडी फिरवली तरी तवंग वाहत येऊन पुन्हा सांधला, रॉकेलसारखा वास आला, तर तेल समजून पुढे जा.

नमुना घेण्याआधी पायाखालचा दगड आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं याच तालुक्यातलं सास्तूर गाव उद्ध्वस्त झालं. त्यानंतर शेजारच्या किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग थेट ग्रॅनाइटी नाईस. खनिज तेल शिजायला सेंद्रिय द्रव्यानं भरलेला गाळाचा खडक खोल गाडला जावा लागतो. म्हणून इथं संशय आधी जमिनीवरच्या वस्तूंवर घ्यायचा: मोटरमधलं तेल, डिझेलची टाकी, गाड्या धुण्याची जागा.

नमुन्यासाठी प्रयोगशाळेतून द्रावकानं धुतलेल्या एक लिटरच्या तपकिरी काचेच्या दोन बाटल्या आणा. झाकणाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर हवं. प्लास्टिक नको, ते तेल शोषतं आणि स्वतःचे रेणू पाण्यात सोडतं. बाटली नमुन्याच्याच पाण्यानं विसळू नका, कारण तेल काचेला चिकटतं आणि आकडा फुगतो. ग्रीस किंवा क्रीम लागलेला हात दूर ठेवा. सोबत ऊर्ध्वपातित पाण्याची एक बाटली जागेवर उघडून बंद करा: तिच्यात तेल सापडलं, तर दोष आपल्या हाताळणीचा. मोटरचं तेल, जवळच्या टाकीतलं डिझेल आणि वापरातलं इंजिन ऑइल यांचे थेंबही वेगवेगळ्या छोट्या काचेच्या बाटल्यांत घ्या. हे तुलनेचे नमुने नसतील, तर पुढची सगळी मेहनत निम्मी वाया. ते पाण्याच्या बाटल्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, बोअरची खोली आणि मोटर शेवटची कधी चालवली ते लिहा. बर्फाच्या पेटीत सुमारे ४ अंशांवर ठेवून आठवड्याच्या आत प्रयोगशाळेत काम सुरू व्हावं.

प्रयोगशाळेत फ्यूम हूडखाली एक लिटर पाणी ६० मिली डायक्लोरोमिथेनबरोबर विलगीकरण नरसाळ्यात हलवा, हे तीनदा. द्रावक पाण्याहून जड, त्यामुळे तो खालून काढायचा. निर्जल सोडियम सल्फेटमधून गाळा आणि नायट्रोजनच्या मंद झोतानं एक मिलीपर्यंत आटवा. मग सिलिका जेलच्या स्तंभातून आधी हेक्झेन सोडून संपृक्त भाग वेगळा करा. तोच गॅस क्रोमॅटोग्राफवर चढवा.

खरी मजा आलेख वाचण्यात आहे. डिझेलचा आलेख कंगव्यासारखा दिसतो: साधारण १० ते २५ कार्बनचे सुळके, मधले उंच. इंजिन ऑइलचा बराच उशिरा येणारा फुगवटा असतो, सुळके जवळपास नाहीत. २७, २९, ३१ असे विषम कार्बनच उठून दिसले, तर ते झाडापाल्याचं मेण. १७ कार्बनच्या सुळक्याला खेटून प्रिस्टेन उभा असतो, १८ च्या शेजारी फायटेन. जिवाणू आधी सरळ साखळ्या खातात, प्रिस्टेन-फायटेनसारखे फांद्या असलेले रेणू नंतर. म्हणून प्रिस्टेन शेजाऱ्यापेक्षा फार उंच दिसला, तर गळती बहुधा जुनी आहे.

यापुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर १९१ वस्तुमानाला होपेन आणि २१७ ला स्टेरेन हे प्राचीन जीवांचे उरलेले रेणू पाहतात. इथे घाई नडते: इंजिन ऑइल खनिज तेलापासूनच बनतं, त्यामुळे होपेन त्यातही असतात. ते दिसले म्हणून तेलविहीर लागली असं नाही. शेजारी ठेवलेला तुलनेचा आलेखच निकाल देतो.

खऱ्या कच्च्या तेलाचं मूळ आणि वय याच रेणूंवरून जुळवतात. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खनन-मंचानं शोधलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल मायोसीन चुनखडीत साठलंय, पण शिजलं खालच्या पन्ना शैलसमूहात, म्हणजे पॅलिओसीन ते सुरुवातीच्या इओसीन काळातल्या गाळात. तिथंही तळाशी दख्खनचा लाव्हा आहेच. फरक इतका की त्याच्यावर समुद्रानं गाळाचे जाड थर रचले, लोहाऱ्यात मात्र लाव्ह्यावर काळी माती तेवढी आहे. प्रिस्टेन-फायटेन गुणोत्तर ३ च्या वर गेलं, तर जमिनीवरच्या वनस्पतींचा वाटा मोठा. १ च्या खाली असेल, तर प्राणवायू नसलेल्या तळाचा गाळ. ३० कार्बनच्या होपेनच्या जरा आधी ओलिअनेनचा सुळका आला, तर मूळ खडकात सपुष्प वनस्पती होत्या, म्हणजे तो बहुतेक क्रिटेशिअसच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. वर्षांत वय हवं असेल, तर रेनिअम-ऑस्मिअम पद्धत आहे; तिला एकाच मुळाचे अनेक नमुने लागतात आणि खर्चही मोठा.

लोहाऱ्यातला आलेख डिझेलशी जुळला, तर टाकी हलवा; मोटरच्या तेलाशी जुळला, तर मोटर वर काढून तिचं सील तपासा. दोन्ही वेळी धाराशिवच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेला अहवाल द्या. दुरुस्तीनंतर बोअर पुरेशी उपसून त्याच पद्धतीनं पुन्हा नमुना घ्या. पाणी पिण्याजोगं आहे का, हे मात्र पिण्याच्या पाण्याच्या स्वतंत्र तपासणीवरच ठरवा.