थिएटरच्या उतारावरून सूर घरंगळतात का?

प्रश्न : अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका जुन्या सिनेमागृहात सोल आणि फंक संगीताचा स्टुडिओ होता, आणि तिथली जमीन उतरती होती म्हणूनच त्या गाण्यांना वेगळा आवाज आला, असं ऐकलं. आमच्या गावातल्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं तेव्हा सगळ्यात आधी तो उतार भरून सपाट केला. म्हणजे आम्ही काही गमावलं का? शिवाय मेम्फिस तर एल्व्हिस प्रेस्लीचं गाव ना? आणि सोल आणि फंक यांत फरक तो काय? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आधी दिलासा देतो. मंगल कार्यालयाला सपाट जमीनच बरी. उतारावर पंगत मांडली असती तर मठ्ठ्याचे पेले पहिल्या रांगेपर्यंत पोचले असते. आता तुमच्या मूळ शंकेकडे वळू. तुम्ही ऐकलेली गोष्ट निम्मी खरी आहे. उतार होता, आवाजावर त्याचा परिणामही होता. पण 'म्हणूनच' हा शब्द जरा जास्त होतो.

दक्षिण मेम्फिसमधल्या ईस्ट मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवर कॅपिटल नावाचं बंद पडलेलं थिएटर होतं. १९६० मध्ये ते जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी भाड्याने घेतलं. जिम दिवसा बँकेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी गावरान गोऱ्या गाण्यांच्या मेळ्यात फिडल वाजवायचा. एस्टेलही बँकेतच होती. भावाला ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेता यावं म्हणून तिने चक्क राहतं घर गहाण टाकलं होतं. कंपनीचं आधीचं नाव सॅटेलाइट. पुढे १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून 'स्टॅक्स' झालं. अशा माणसांकडे जमीन सपाट करायला पैसे कुठून असणार? त्यांनी खुर्च्या काढल्या, जाड पडदे टांगले, पडद्यापुढच्या रंगमंचावर नियंत्रण कक्ष उभारला आणि उतार होता तसाच ठेवला. ध्वनिशास्त्राचा विचार करून कुणी हा निर्णय घेतला नव्हता. खर्च वाचवायचा होता, एवढंच.

या काटकसरीचा फायदा मात्र झाला. का झाला हे समजायचं तर घरात एक प्रयोग करून पाहा. नुकत्याच रंगवलेल्या, सामान न लावलेल्या चौकोनी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज थांबल्यावर क्षणभर कानात काहीतरी फडफडल्यासारखं होतं. समोरासमोरच्या दोन समांतर पृष्ठांमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खात राहतो, म्हणून हे होतं. जमीन उतरती असली की ती छताला समांतर राहत नाही, आणि टप्पे खाणारा आवाज तिरका होऊन विखुरतो. त्यात खोली थिएटरएवढी उंच आणि लांब, म्हणजे ढोलाचा ठोका पसरायला भरपूर जागा. स्टॅक्सच्या तबकड्यांमध्ये बास आणि ढोल असे भरीव, अंगावर येणारे वाटतात त्यामागे या खोलीचा वाटा आहेच.

पण तो वाटा किती, हे ताडून पाहायला शेजारीच पुरावा आहे. त्याच शहरात विली मिचेल या संगीतकाराचा रॉयल स्टुडिओ आहे. तोही जुन्या थिएटरात, तिथेही उतार. अल ग्रीनची मखमली आवाजातली गाणी तिथली. इथपर्यंत उताराची बाजू भक्कम वाटते. आता उत्तरेला डेट्रॉइटला जाऊ. तिथल्या मोटाउन कंपनीने १९५९ मध्ये एक राहतं घर घेऊन त्यात स्टुडिओ थाटला. ना थिएटर, ना उतार, आणि तरी जगभर गाजलेल्या गाण्यांची रांग लागली. तेव्हा उतार ही मदत होती, कारण नव्हतं. खरं कारण शोधायचं तर आतल्या जमिनीवरून नजर काढून बाहेर रस्त्याकडे, दाराकडे पाहावं लागतं.

थिएटरच्या दर्शनी भागात, मध्यंतरात पॉपकॉर्न आणि गोळ्या विकायचा गाळा होता. एस्टेलने तिथे रेकॉर्डचं दुकान काढलं. भोवतालची वस्ती हळूहळू काळ्या लोकांची होत होती. शाळा सुटली की मुलं दुकानात येऊन उभी राहायची, ऐकायची, थोडी विकत घ्यायची आणि बरीच फुकट ऐकायची. एस्टेल त्यांना हाकलत नसे. कोणत्या तबकडीवर पावलं थिरकतात, कोणती अर्ध्यावर काढायला सांगतात हे ती बघत असे. आत नुकतंच वाजलेलं गाणं बाहेर आणून ग्राहकांना ऐकवायचं, चेहरे वाचायचे आणि पुन्हा आत जाऊन बदल सुचवायचे, अशी सोय इतर स्टुडिओंच्या नशिबी क्वचितच असते. माझ्या मते त्या इमारतीतलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र हा गाळाच होता.

त्याच दारातून वादक आणि गीतकारही आत आले. बुकर टी. जोन्स हा वस्तीतला शाळकरी मुलगा दुकानात घुटमळत असे. तो ऑर्गनवर बसला. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर रस्ता ओलांडून आला आणि पुढे आयझॅक हेजच्या जोडीने 'सॅम अँड डेव्ह' या गायकजोडीसाठी 'सोल मॅन'सारखी गाणी रचू लागला. १९६२ मध्ये एका गिटारवादकाला गाडीतून सोडायला आलेला जॉर्जियाचा ओटिस रेडिंग दिवसभर ताटकळला, शेवटी 'मलाही एक गाऊ द्या' म्हणाला आणि त्या एका गाण्याने कंपनीचा सगळ्यात मोठा आवाज ठरला.

घरच्या वादकांचा संच चौघांचा : ऑर्गनवर बुकर टी., ढोलांवर अल जॅक्सन, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि बासवर आधी ल्यूई स्टाइनबर्ग, मग डोनाल्ड 'डक' डन. डन आल्यावर दोघे काळे, दोघे गोरे. आज यात विशेष वाटणार नाही. पण हे दक्षिणेतलं मेम्फिस होतं. काळ्यांनी कुठे बसायचं, कुठे जेवायचं हे ठरलेलं होतं. थिएटरच्या आत एका यंत्राभोवती बसणारे हे चौघे बाहेर पडल्यावर कुठल्याही हॉटेलात एका टेबलाशी बसू शकत नव्हते. म्हणून ही मंडळी लोरेन मोटेलवर जमत. काळ्या मालकाचं हे मोटेल सगळ्यांना घेई. विल्सन पिकेट आणि क्रॉपर यांनी 'इन द मिडनाइट अवर' तिथल्याच खोलीत रचलं.

नोटेशन लिहून समोर ठेवायची पद्धत इथे नव्हती. कुणी सूर गुणगुणायचा, भोंगेवाले तो उचलायचे, ढोलवाला ठेका धरायचा आणि गाणं जागेवर उभं राहायचं. आपल्याकडे तमाशाच्या फडात ढोलकीवाला बाईच्या पायाकडे बघून वाजवतो, तसाच हा कारभार. १९६२ मध्ये एका ठरलेल्या गायकाचं काम आटोपलं आणि स्टुडिओत वेळ उरला. वादक आपलेआपण वाजवत बसले आणि त्यातून 'ग्रीन अनियन्स' निघालं. ते आधी तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं होतं. बुकर टी. तेव्हा १७ वर्षांचा.

या संगीताची आणखी एक खूण म्हणजे किंचित उशिरा पडणारा ठोका. त्याबद्दलही एक समज आहे की मोठ्या हॉलमुळे तो आपोआप उशिरा पडला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवरच्या वादकाचा ठोका तुमच्या कानी पोचायला सेकंदाचा सुमारे चौतिसावा भाग लागतो. हेडफोन न लावता वाजवणाऱ्यांना एवढाही फरक जाणवतो, त्यामुळे कानाबरोबर डोळ्यांनीही एकमेकांना धरून राहायची सवय लागते. पण उशीर ही त्यांची निवड होती. १९६५ मध्ये पिकेटच्या त्या गाण्याच्या वेळी न्यूयॉर्कहून आलेले ॲटलांटिक कंपनीचे जेरी वेक्सलर यांनी तेव्हाच्या एका नव्या नाचाची पावलं स्टुडिओतच नाचून दाखवली. त्या पावलांना जुळावा म्हणून ढोल आणि गिटार यांनी ठोका मागे खेचला. जाडजूड साहेबी व्यवसायातला मोठा माणूस असा नाचतोय, हे दृश्य बघायला मला आवडलं असतं.

आता सोल आणि फंक. सोल संथ आणि फंक जलद, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. सोल चर्चच्या गाण्यातून आलं. तिथली आर्त पुकार, गायकाने टाकलेली ओळ समुदायाने झेलणं, टाळ्या, हे सगळं तसंच ठेवून देवाच्या जागी प्रियकर किंवा प्रेयसी आली. एक-दोन-तीन-चार मोजा, टाळी दोनवर आणि चारवर पडते. फंकमध्ये गाणं मागे सरतं आणि ठेका पुढे येतो. जेम्स ब्राउनने साठीच्या दशकात वजन पहिल्या मात्रेवर आणलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळी वाद्यं आपापल्या वाटेने भटकून समेवर एकत्र येतात. बाससुद्धा तिथे ढोलासारखा वागतो, गिटारही खरवडून तालवाद्य बनतं. तबला ऐकणाऱ्या माणसाला फंक पटकन कळावं ते यामुळेच.

एल्व्हिसचं म्हणाल तर तेही खरं. १९५४ मध्ये सन स्टुडिओत त्याची पहिली गाजलेली तबकडी निघाली, ती मेम्फिसमध्येच. पण शहरं एकाच माणसाची नसतात. शिवाय गंमत पाहा : १९७३ मध्ये एल्व्हिस स्वतः ध्वनिमुद्रणासाठी स्टॅक्सच्या दारात आला. घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर होतं ना!

तोवर त्या दाराने बरंच काही सोसलं होतं. १० डिसेंबर १९६७ रोजी ओटिस रेडिंगचं छोटं विमान विस्कॉन्सिनमधल्या एका गोठत्या तळ्यात कोसळलं. त्याच्याबरोबर 'बार-केज' या कोवळ्या वादकसंचातली बहुतेक मुलंही गेली. ओटिस २६ वर्षांचा होता. काही दिवसांपूर्वी मुद्रित केलेलं 'डॉक ऑफ द बे' त्याच्या मागे पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यानंतर कळलं की वितरणाच्या करारात एक कलम होतं, आणि जिमने ते नीट वाचलं नव्हतं. ॲटलांटिककडून वितरित झालेल्या सगळ्या मूळ ध्वनिफिती ॲटलांटिकच्या मालकीच्या! दिवसभर बँकेत बसलेला माणूस करार न वाचता सही करतो, याचं मला आजही नवल वाटतं. आणि ४ एप्रिल १९६८ रोजी सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती त्याच लोरेन मोटेलच्या सज्जात. चौघांचा संच पुढेही वाजवत राहिला, पण जुना मोकळेपणा परतला नाही असं त्यातल्यांनीच पुढे सांगितलं.

कंपनी मात्र तेव्हाच संपली नाही. अल बेल या काळ्या भागीदाराने १९६९ मध्ये एका झटक्यात २७ अल्बम बाजारात आणले. त्यातल्या आयझॅक हेजच्या एका अल्बममध्ये फक्त चार गाणी, पैकी एक अठरा मिनिटांहून लांब. त्याच्याच 'शाफ्ट' चित्रपटाच्या गाण्याला १९७२ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या मैदानावर एक डॉलर तिकिटात स्टॅक्सचा जलसा झाला आणि एक लाखाहून अधिक लोक आले. मग वितरणाचा आणखी एक फसलेला करार, वाढतं कर्ज, आणि १९७५च्या अखेरीस दिवाळं. १९८९ मध्ये थिएटर पाडलं. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं राहिलं. तुमच्या प्रश्नाशी संबंधित भाग असा की नवा स्टुडिओ बांधताना कारागिरांकडून मुद्दाम उतार करून घेतला. पैशाअभावी राहिलेल्या उतारासाठी आता पैसे मोजले गेले.

हे वाचून ऐकावंसं वाटलं तर आधी 'शाफ्ट' ऐका. झांजेसारख्या हाय-हॅटवर बारीक टिकटिक आणि त्यावर 'वा-वा' बोलणारी गिटार. त्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंतही ही गिटार बोलू लागली होती. १९७८च्या 'डॉन'मधलं कल्याणजी-आनंदजींचं 'ये मेरा दिल' लावा, ओळख पटेल. या गाण्याचा तुकडा २००५ मध्ये 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकी संचाने उचलला, म्हणजे परतफेडही झाली. मग ओटिसचं १९६६चं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' ऐका. सुरुवात अगदी ठाय. थोड्या वेळाने अल जॅक्सन ढोलाच्या काठावर काडीने टिक-टिक सुरू करतो, जणू लेहऱ्यावर कुणी दुगुन मोजतंय. तीन मिनिटांत सगळे धावत सुटतात. ऐकताना शक्य असेल तर हेडफोन काढून ठेवा आणि मोठ्या खोलीत लावा. मंगल कार्यालय रिकामं असेल तर तिथेच.