क्लॅमएव्ही स्वतः बांधणार असाल तर

चेन्नईत आमच्या अभ्यासिकेतल्या संगणकांवर बॉस लिनक्स आहे. डेबियनवर आधारलेली ही प्रणाली इथल्याच सी-डॅकने घडवली, २००७ मध्ये ती बाहेर आली. यंत्रं रिची स्ट्रीटच्या बाजारातून घेतलेली, जुनी, दोन जीबी रॅमची. ‘लिनक्सला कुठला आलाय व्हायरस?’ असं बरेच जण विचारतात. विंडोजचे व्हायरस इथे सहसा चालत नाहीत, हे खरंच. पण मुलं झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणतात, आमच्याकडे लावतात आणि तोच पुढे कॉलेजच्या विंडोजला लावतात. आपल्याला बाधत नाही म्हणून दुसऱ्याकडे जाऊ द्यावं, हे मला पटत नाही.

म्हणून क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस. फुकट, मुक्त स्रोत, २०१३ पासून सिस्कोच्या छत्राखाली. एका हुशार स्वयंसेवकाने ते सोर्समधून बांधून दिलं आणि नोकरीसाठी तो दुसऱ्या गावी गेला. रोज रात्री तपासणी व्हायची, सकाळी अहवालात ‘इन्फेक्टेड फाइल्स: ०’. अधूनमधून आयकारची ६८ अक्षरांची चाचणी फाइल टाकून पाहायचो, तीही पकडली जायची. मग एका मुलीच्या पेनड्राइव्हवरचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. कॉलेजच्या संगणकाने तो व्हायरस लावताक्षणी ओळखला, आमच्याकडून मात्र तो बिनबोभाट पार झाला होता.

लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला. बांधलेल्या आवृत्तीची मुदत संपली होती आणि अशा आवृत्तीला क्लॅमएव्हीचा सर्व्हर व्हायरस ओळखायच्या नव्या व्याख्या देत नाही. या व्याख्या उतरवून आणणारं फ्रेशक्लॅम कित्येक महिने हात हलवत परत येत होतं. व्याख्यांचा डेटाबेस सात दिवसांहून जुना झाला की तपासणी करणारं क्लॅमस्कॅन इशारा देतं, पण ते रोज रात्री आपोआप चालवणारा आमचा क्रॉन अहवालाच्या शेवटच्या ओळी तेवढ्या जपून ठेवायचा. आयकार तर जुन्यातल्या जुन्या डेटाबेसलाही ओळखू येतं. त्यातून इंजिन चालतंय एवढंच कळतं, व्याख्या ताज्या आहेत की नाहीत ते कळत नाही.

म्हणून आधी विचारा, बांधायलाच हवं का? डेबियनचं पॅकेज ॲप्टबरोबर आपोआप अद्ययावत होतं. घरच्या संगणकाला ते पुरेसं आहे. नवीच आवृत्ती हवी असेल तर जुनं पॅकेज आधी काढा. नाहीतर टर्मिनलवर /यूएसआर/लोकल मधली प्रत चालते, सर्व्हिस दुसरीच चालवते, आणि तुम्ही तपासता ती भलतीच. ०.१०४ पासून सीमेक लागतं, ०.१०५ पासून रस्टही. वितरणातलं रस्ट बऱ्याचदा जुनं निघतं. फ्रेशक्लॅम आणि पार्श्वभूमीला सतत चालणारं क्लॅमडी, या दोन्हींच्या नमुना कॉन्फिग फाइलींमधली ‘एक्झाम्पल’ ही ओळ काढल्याशिवाय ती सुरू होत नाहीत. पहिल्यांदा बांधणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

रॅमकडे विशेष लक्ष द्या. क्लॅमडी डेटाबेस मेमरीत धरून ठेवतं, त्यालाच जीबीभर जागा लागते. नव्या व्याख्या आल्या की जुना आणि नवा डेटाबेस काही वेळ एकत्र राहतात, म्हणजे गरज दुप्पट. दोन जीबीचं यंत्र तिथेच गुदमरतं. ‘कॉनकरंट डेटाबेस रीलोड’ बंद केलं तर जागा वाचते, तेवढा वेळ तपासणी थांबते. आम्ही त्या यंत्रांवर क्लॅमडी ठेवलंच नाही; पेनड्राइव्ह लावला की क्लॅमस्कॅन चालवतो. ते दर वेळी डेटाबेस नव्याने वाचतं, थोडं थांबावं लागतं, मुलं कुरकुरतात. चालेल. फाइल उघडतानाच तपासणारं क्लॅमऑनॲक मोठ्या यंत्रावर लावाल तर क्लॅमडीच्या युजरला त्यातून वगळा, नाहीतर ते स्वतःच्याच वाचनावर पहारा करत बसतं आणि यंत्र गोठतं.

एकाच ब्रॉडबँडवर बरीच यंत्रं असतील तर प्रत्येकाने वेगळं डाउनलोड करू नये, सर्व्हर काही काळ अडवतो. एका यंत्रावर सीव्हीडी-अपडेटने व्याख्या उतरवा, बाकीची तिथून घेतील.

आणि दर आठवड्याला क्लॅमस्कॅनला फक्त व्हर्जन विचारा. एका ओळीत इंजिनचा आकडा, डेटाबेसचा क्रमांक आणि त्याची तारीख येते. तारीख कालची-आजची नसेल तर अहवालातल्या शून्यावर जाऊ नका, फ्रेशक्लॅमचा लॉग उघडा.