*घरच्या वाडीत ॲस्परॅगस: सगळे कोंब कापू नका*

🌱 *कृषी सल्ला: परसबाग*



गोराई, मनोरी, आरे, मुलुंडकडचे सभासद विचारतात, "हॉटेलात जाणारं ॲस्परॅगस आपल्याकडे होईल का?" होईल. पण मोबाईलवरच्या परदेशी व्हिडिओत दाखवतात तसं केलंत, तर दोन वर्षांची मेहनत वाया जाईल.

*कारण काय?*
थंड देशात हिवाळ्यात हे झाड वरून वाळतं आणि मुळं विश्रांती घेतात. वसंतात मुळांतल्या साठ्यावर जाड कोंब येतात. तिथे काही आठवडे सगळे कोंब कापले तरी चालतं. आपल्याकडे तशी थंडीच नाही, झाड बारा महिने हिरवं राहतं. इथे सगळे कोंब कापले की मुळांना अन्न मिळत नाही. पुढचे कोंब काडीसारखे बारीक येतात आणि झाड बसतं.

तैवान, थायलंडसारख्या उष्ण देशांत मातृखोड पद्धत वापरतात. आपणही तीच वापरायची.

*लागवड*
१) बी ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर टाका. एक दिवस कोमट पाण्यात भिजवा. उगवायला २ ते ४ आठवडे लागतात, घाई करू नका.
२) साधारण ३ महिन्यांनी, जानेवारीत रोपं लावा. म्हणजे जूनपर्यंत मुळं धरतात.
३) जमिनीत १ फूट उंच गादीवाफा करा, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. गच्चीत असेल तर अर्धा कापलेला ड्रम घ्या, तळाला भोकं पाडा आणि एका ड्रममध्ये एकच रोप लावा.
४) माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. शेणखतात ट्रायकोडर्मा घाला.

सांताक्रूझला वर्षाला सरासरी २,२०० मि.मी.च्या वर पाऊस पडतो. ॲस्परॅगस मरतं ते बहुतेक मुळं कुजून. खाडीकाठच्या थोड्या खारट जमिनीत ते इतर बऱ्याच भाज्यांपेक्षा तग धरतं, पण साचलेलं पाणी त्याला अजिबात सोसत नाही.

*तोडणी*
✅ दोन पावसाळे जाऊ द्या. तोवर एकही कोंब काढू नका.
✅ त्यानंतर प्रत्येक झाडावर ४-५ चांगली खोडं वाढू द्या, बांबूला बांधा. हीच मातृखोडं, झाडाचं अन्न तीच बनवतात.
✅ बाजूने येणारे नवे कोंब वीतभर झाले आणि टोक मिटलेलं असलं की जमिनीलगत कापा.
✅ ३-४ महिन्यांनी मातृखोडं पिवळी पडतात. आधी नवी खोडं वाढू द्या, मगच जुनी काढा.
✅ नवे कोंब बारीक यायला लागले की तोडणी थांबवा, शेणखत द्या. भर पावसात तोडणी नको.
✅ पावसाळ्यात गोगलगायी कोंब खातात. संध्याकाळी हाताने वेचा.

⚠️ *सावधान*
• मादी झाडाला लाल फळं येतात. ती खाऊ नयेत, पोट बिघडतं. लहान मुलं असतील तर तोडून टाका.
• नर्सरीतलं शोभेचं 'ॲस्परॅगस फर्न' वेगळं, ते भाजीसाठी नाही.
• आपली शतावरी याच कुळातली. पावसाच्या सुरुवातीला तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी आपल्याकडे करतातच. पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून ती उपटून आणू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. रोप नर्सरीतूनच घ्या.

*शेवटचं सांगणं*
महागडे आयात गड्डे घेऊ नका, बियाण्यापासून ४-५ रोपं करून बघा. भेंडी, पालेभाजीची चालू जमीन यात अडकवू नका, कारण दोन वर्षं हातात पैसा येत नाही. तुमच्या पाण्याला आणि मातीला ते मानवलं, तर मग वाफे वाढवा.

ज्यांच्याकडे रोपं आधीच आहेत, त्यांनी बुंध्याचा फोटो ग्रुपवर टाका. किती खोडं ठेवायची ते बघून सांगतो. 🙏